टँकरच्या पाण्याला टाळ्या

अक्का, तुझ्या फोटोला प्लास्टिकचा हार घातला होता. शाळेच्या कपाटात झेंडावंदनासाठी ठेवलेला असतो ना, तोच, धूळ झटकून. तुला माती देऊन अजून आठवडाही झाला नाही आणि काल शाळेत तुझी शोकसभा झाली. शोक कुठं होता ते मला काही दिसलं नाही. सभा मात्र जोरात झाली. माईक होता, भाड्याच्या खुर्च्या होत्या, चहा होता, आणि सगळ्यात पुढं नागण्णा बसला होता. शाळा समितीचा आपला कायमचा अध्यक्ष, कडक इस्त्रीचे कपडे घालून, जणू त्याच्या घरचंच लग्न आहे.

तू असतीस तर माझ्या कोपराला चिमटा काढून म्हणाली असतीस, "कमळ, तोंड सरळ कर गं. लोकं बघायलेत." तू नव्हतीस, म्हणून मी तोंड वाकडंच ठेवलं.

काय एकेक भाषणं! नवे हेडमास्तर तुला कधी धड भेटलेही नाहीत, तू रिटायर झाल्यावर आलेला माणूस तो. त्यांनी तुला 'पर्यावरणाची माउली' करून टाकलं. बसवकल्याणहून आलेल्या एका गृहस्थांनी 'जलदेवता' केलं. जन्मभर मी मराठी शिकवलं, अक्का. ज्याला सांगायला काही नसतं तो विशेषणं उधळतो, हे मी सातवीच्या पोरांनाही सांगायची. तू शिकवायला उभी राहिलीस की खडूनं हात पांढरे, पदर कमरेला खोचलेला, आणि गणित चुकलं की कानडीत शिवी. ही जलदेवता? ही बया जलदेवता असती तर पोरींच्या वेण्या ओढून त्यांना अपूर्णांक शिकवले असते का?

मग नागण्णा उठला. डोळ्याला रुमाल लावला, कोरडाच. म्हणाला, "शिवलीलाबाईनी या गावची हीर भरून दावली. मोठमोठ्या सायेब लोकांनी सोताच्या डोळ्यानं बघितलं. तवा बाईच्या नावानं, त्याच हिरीच्या बाजूला, शाळेसाठी बोअर पाडायचं ठरवलंय. पैसा माझा. फक्त गावाची संमती पायजे. मान्य हाय त्यांनी हात वर करा."

ऐकलंस? तुझ्या नावानं, तुझ्याच विहिरीचा गळा घोटायचा. शाळेला लागतंच किती पाणी? विहिरीच्या पलीकडं लागूनच त्याचा ऊस आहे, हे शाळेतल्या भिंतींनाही माहीत आहे. त्या विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी, शिमग्याला चिखल, पण जे काय आहे ते आजही सगळ्या बायांचं आहे, कुणाला विचारावं लागत नाही. शेजारी बोअर पडलं की तेही गेलं. आणि हात वर जायला लागले होते. तिथं पुढं काय झालं ते सांगतेच. पण आधी आपलं जुनं भांडण मला पुरं करायचंय. तू नेहमी विषय बदलायचीस. आता बदल बघू.

तू या गावात सून म्हणून आलीस तेव्हा मराठी बोलायचीस आणि कानडीत मोजायचीस. मी धनगराची पोर, आमच्या घरात मेंढरं पाणी पिऊन आल्याशिवाय कुणी ताटावर बसत नसे. दोघींची गट्टी जमली ती पाण्यावरूनच. जिल्ह्यातून शाळांना फर्मान आलं, मुलांनी गावातल्या पर्यावरणाचा एक विज्ञान प्रकल्प करावा आणि त्यात 'लोकसहभाग' असावा. लोकसहभाग! तो शब्द ज्यानं काढला त्यानं आपलं गाव पाहिलेलं नव्हतं. दसरा झाला की निम्मं गाव हैद्राबादला बिल्डिंगवर, उरलेलं हुमनाबादच्या कारखान्यांच्या गेटवर. सहभागाला उरल्या होत्या म्हाताऱ्या, बाया आणि पोरी. बाकीच्या शाळांनी शहाणपणा केला. थर्माकोलचा डोंगर, त्यावर हिरवा रंग, खाली 'झाडे लावा'. झाला प्रकल्प.

तू मात्र दोर घेऊन निघालीस. म्हणालीस, पोरी तशाही पाणी आणायला विहिरीवर जातातच, घागर सोडायच्या आधी मोजायचा दोर सोडतील. दोराला हाताहातावर चिंधी बांधायची, तर प्रत्येक घरातून जुन्या लुगड्याच्या काठाची एकेक चिंधी मागून आणलीस. माझ्या आईनं दिली ती हिरवी. चन्नम्मा आजीनं चिंधी दिली आणि वर शिवीही दिली, "ही मास्तरीन हिरीचं माप घ्यायलीय, उद्या आमच्या पोटाचं घेईल." पण दिली. चिंधी दिल्यावर मात्र गंमत झाली. आपला काठ भिजला की कोरडा, हे बघायला बाया आपणहून कठड्यावर वाकू लागल्या. "माझी कोरडी आली गं बाई!" म्हणून एकमेकींना हाका मारायला लागल्या. ज्या बायांना शाळेच्या पायरीवर कधी कुणी बसवलं नव्हतं, त्या पाण्याची पातळी सांगायला लागल्या. त्याच्यासाठी तुझे पाय धरावेत असं मला तेव्हाही वाटलं होतं. बोलले नाही. तू चढून बसली असतीस.

आणि आकडा तू कुठं लिहिलास? विहिरीच्या कठड्यावर, तांबडी काव घेऊन, ठळक. दर बाजारच्या दिवशी नवा. बाजाराला जाणारा येणारा वाचायचा. नागण्णानं ऊस लावला, बोअर पाडले, आणि कठड्यावरचा आकडा खाली खाली जायला लागला. कुणी काही बोलायची गरजच नव्हती. एकदा तो तुझ्यासमोर येऊन उभा राहिला, "बाई, हे आकडे कामून लिवायलाव? गावाची बदनामी हुयलीय." तू म्हणालीस, "अप्पा, मी न्हाई लिहीत. पाणी लिहितंय." तेव्हा मला तुझा एवढा अभिमान वाटला की त्या दिवशी डब्यातली पुंडीची भाजी सगळी तुला दिली.

म्हणूनच तर पुढचं मला जड गेलं. जिला मी 'पाणी लिहितंय' म्हणताना ऐकलं, तीच एक दिवस गप्प बसली.

आपला प्रकल्प निवडला गेला आणि बीदरहून पाहुणे येणार म्हणून निरोप आला. गावाला याड लागल्यासारखं झालं. रस्ता झाडला, देवळाला चुना मारला, शाळेपुढं मांडव पडला. आणि मग चन्नम्मा आजीच्या डोक्यात ती गोष्ट आली. आपल्याकडं पाहुणा वेशीत आला की त्याच्यापुढून कुणी रिकामी घागर नेत नाही. नेणारच असली तर बाई तळाला तांब्याभर पाणी ओतते आणि मग नेते. रिकामं भांडं दाखवणं म्हणजे पाहुण्याला 'जा' म्हणणं. चांगली रीत आहे, मला मान्य. पण त्या म्हातारीनं देवळापुढं बसून ठणकावून सांगितलं, "घागर रिकामी दावत न्हाई आपण, आन् अख्खी हीर रिकामी दावायची? गावाची लाज कुठं ठिवायची?" झालं! साऱ्या बायांच्या माना डोलल्या.

नागण्णाला दुसरं काय हवं होतं? देवानं चालून येऊन दिलं. तो म्हणाला, "आजी, तुमी काळजी करू नका." आणि आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत त्याच्याच बोअरचं पाणी टँकरवर टँकर भरून विहिरीत ओतलं. ज्या बोअरनं विहीर सुकली त्याच बोअरचं पाणी, अक्का! आणि आपल्या बाया काय करत होत्या? टँकरला हळदकुंकू लावत होत्या. ड्रायव्हरला गूळपाणी देत होत्या. मी कठड्याशी उभी राहून म्हणाले, "अगं बायांनो, ज्याला दुष्काळ दाखवायचा तोच येतोय, आणि तुम्ही त्याच्यापुढं विहीर भरायलाव?" तर माझी सख्खी चुलत जाऊ मला म्हणाली, "भाऊजींला सांगू का तुमचं डोकं फिरलंय म्हणून?" अशा गाढवपणाला मूर्खपणा तरी कसं म्हणायचं? मूर्खाला लाजलज्जा नसते. यांचा सगळा घात लाजेनंच केला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. हुमनाबादहून सीलबंद बाटल्यांचं खोकं बरोबर घेऊन आले होते, तेव्हा नवीनच होतं ते. विहिरीचं कौतुक करायला आलेली माणसं, आणि विहिरीचा घोट कुणाच्या घशाखाली उतरला नाही! सातवीतल्या सुनंदानं दोर सोडला. मी मांडवात मागं होते, तुझी फक्त पाठ दिसत होती. दोर वर आला, चिंध्या वरपर्यंत भिजलेल्या. सुनंदानं आकडा मोठ्यानं सांगितला. त्यातल्या मुख्य साहेबानं विचारलं, "मागच्या महिन्यापेक्षा पाणी वाढलेलं दिसतंय. कशामुळं वाढलं, बाळ?" पोर मान वर करून म्हणाली, "जागृतीमुळं, सर." टाळ्या! साहेब म्हणाले, असा लोकसहभाग आम्ही कुठं पाहिला नाही. खरं होतं त्यांचं. असा कुणीच कुठं पाहिला नसेल. उन्हाळ्यात पाणी वाढलं आणि विज्ञानाच्या पाहुण्यांतल्या एकालाही वाटलं नाही की वाकून विचारावं, हे आलं कुठून. कठड्याखालची माती टँकरच्या चाकांनी चिखल झालेली होती. त्या चिखलातूनच बूट वाचवत चालले होते ते.

आणि तू बोलली नाहीस. मी वाट बघत होते. तू आता बोलशील, मग बोलशील. तू शाल घेतलीस, ढाल घेतलीस, हात जोडलेस.

पुढं काय व्हायचं तेच झालं. आपल्या तांबड्या दगडात ओतलेलं पाणी थांबतंय कशाला! बघता बघता तळ दिसला. वैशाखात गावानं टँकर मागायला माणसं पाठवली तर ऑफिसातला म्हणाला, तुमचं गाव तर आदर्श आहे, तुमच्या विहिरीचा फोटो आमच्याकडं लावलाय. हसत परत पाठवलं. मग त्या उन्हाळ्यात बाया पाण्याला कुठं गेल्या? नागण्णाच्या बोअरवर. उसाला पाजून झालं की तो मोटर चालू ठेवायचा, आणि तोवर हळदकुंकवाच्या मानकरणी बांधावर उन्हात बसून राहायच्या. त्याला 'अण्णा, अण्णा' करायच्या. मला बघून तोंड फिरवायच्या.

तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात मी तुला गाठलं. तो सगळा संवाद मला पाठ आहे.

"अक्का, तू भिलीस."

"भिले न्हाई."

"मग कामून गप बसलीस?"

"कमळ, त्यांनी हौसेनं भरलं गं. नागण्णाचं सोड, तो हलकटच हाय. पण बायांनी पाहुण्यासाठी भरलं. परक्या माणसापुढं मी त्यांचं तोंड काळं करू?"

"आता त्यांचं तोंड कोरडं पडलंय, ते चालतंय व्हय?"

तू डबा उचललास आणि वर्गात गेलीस. आपण दोघी किती तरी दिवस एका स्टाफरूममध्ये पाठीला पाठ लावून बसलो. पुढं बोलायला लागलो, पण ते भांडण तसंच राहिलं, दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसल्यासारखं. तू मात्र थांबली नाहीस. शाल पेटीत टाकलीस आणि पुन्हा दोर घेतलास. नवीन पोरी, नवीन चिंध्या. नागण्णा कठड्याला चुना फासायचा, तू चुन्यावर काव मारायचीस. पाहुणे नाहीत, बक्षीस नाही, फोटो नाही, रिटायर होईपर्यंत. मी मनात म्हणायची, बाई एवढी चिवट आहे, मग ज्या दिवशी चिवटपणा लागत होता त्याच दिवशी लोण्यासारखी कशी झाली? याचं उत्तर तू दिलं नाहीस, आणि मी विचारणंही सोडलं नाही.

बीदरच्या दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा तू माझा हात धरलास. हात कसला, नुसती हाडं. म्हणालीस, "कमळ, माझ्या मागं लोकं बोलायला लावतील तुला. चांगलं बोल. गावाला लाजवू नगं." मी तुझ्या ओठांना ओला कापूस लावत बसले. मरणाच्या दारात माणूस देवाचं नाव घेतं, पोराबाळांचं घेतं. तू गावाची लाज घेऊन बसली होतीस. राग आला मला, अक्का. आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच येतात तुझ्या बाबतीत, काय करू?

तर काल हात वर जायला लागले. पुढच्या रांगेतले आधी, मग मागचे बघून बघून. मला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. शहाणे आहेत ते. मी उठले आणि माईकपाशी गेले.

म्हणाले, "विहीर भरली नव्हती. टँकरनं भरली होती. याच अध्यक्षांच्या टँकरनं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, काहींनी टँकरला कुंकू लावलंय. शिवलीलाबाईनी जन्मभर ती विहीर मोजली ती कामून आटतेय हे तुम्हाला दिसावं म्हणून. आणि तुम्ही तिच्या नावानं तिथं बोअर पाडायला हात वर करायलाव? शरम वाटत नाही?"

झालं, लाजवलं गावाला. तुझा शब्द मोडला. नागण्णा अगदी प्रेमानं म्हणाला, "बाई, दुःखात माणूस काही पण बोलतंय. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लावू नये." आणि पुढच्या रांगेतल्या माना हलल्या, 'नये, नये'. एकाचाही हात खाली आला नाही. मला वाटलं, संपलं. यांना खरं ऐकायची सवयच राहिली नाही, आपण दोघींनी आयुष्य वाया घातलं, तू मोजण्यात आणि मी कुढण्यात.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई खरं बोलायल्यात." बायांच्या घोळक्यात एक उभी होती, कडेवर लेकरू. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी सुनंदा. दोर मीच सोडला व्हता."

हैद्राबादहून आली होती ती, तुझ्या मातीला. बस चुकली म्हणून पोहोचली नाही, मग सभेला थांबली. लग्न तिकडंच झालंय, नवरा-बायको दोघं बिल्डिंगवर कामाला असतात. माईक नको म्हणाली. तिथूनच बोलली, नागण्णाकडं न बघता, तुझ्या फोटोकडं बघून.

"सायेबानं इचारलं पाणी कशामुळं वाढलं. मला ठावं व्हतं, आदल्या दिशी मीच टँकरचा पाइप धरला व्हता. मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं, काय बोलू म्हणून. बाई हसल्या. म्हणून मी जागृती म्हणलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, हे असंच असतंय. खोटं बोललं की मोठी माणसं खूश व्हत्यात, बाई बी खूश व्हत्यात. लई वर्सं मी तसंच समजून चालले." मग ती गर्दीकडं वळली. "खाली घ्या की हात. ती हीर कशामुळं आटली हे आमाला बाईनीच शिकवलंय, तुमच्यासमोर, तुमच्याच लुगड्याच्या चिंध्यांनी."

हात खाली आले. आधी बायांचे. चन्नम्मा आजीची सून सगळ्यात आधी, हे तुला आवडलं असतं. नागण्णा घड्याळाकडं बघून म्हणाला, पुढच्या मिटिंगला बघू. बघेलच तो, सोडणारा नाही. पण काल तरी तुझ्या नावानं भोक पडलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला. आपण दोघी इतकी वर्षं भांडलो, गावावरून, लाजेवरून, पाण्यावरून, आणि त्या पोरीचं नाव आपल्या भांडणात एकदाही आलं नाही. मी मागून बघत होते, मला तुझी पाठ दिसली. तिला तुझं तोंड दिसलं होतं.

सभा सुटल्यावर मी तिला गेटपाशी गाठलं. म्हणाले, "सुनंदा, बाई खोट्यावर खूश नव्हत्या गं. तू घाबरली असशील, तुला धीर यावा म्हणून हसल्या असतील. घाबरलेलं पोर दिसलं की हसायच्याच त्या." मी तुझी बाजू घेत होते, अक्का. मी! जिनं तुझी कधी घेतली नाही.

ती लेकराची टोपी नीट करत होती. म्हणाली, "असंल, बाई. मलाबी पुढं पुढं तसंच वाटायलं. पण मग दुसऱ्या दिशी वर्गात सांगायचं व्हतं की त्यांनी. मी रोज वाट बघायलते."

बस लागली, ती गेली. वर्गात का सांगितलं नाहीस, याचं उत्तर तुझ्याकडं होतं, आणि तू ते घेऊन मातीत जाऊन बसलीस.